सॉफ्टवेअर काढलं, पण बोजा उतरला का?

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला माझा एक जुना विद्यार्थी सेवा केंद्र चालवतो. जुलै संपत आला की त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, कुणाचं रेशन कार्ड, कुणाच्या पोराची शिष्यवृत्ती. अशाच गर्दीतल्या एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सर, माऊस आपोआप फिरायलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हातच लावला नाही अन् तो फिरायलाय. चहाला गेलतो, येऊन बघतो तर कुणीतरी फायली उघडून बघायलंय."

आधी इंटरनेटची वायर काढ म्हटलं, मग बोलू. वायर काढल्यावर माऊस गप्प बसला. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी त्यानं बिलं काढायचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते बसवून देणाऱ्या मुलानं दुरून संगणक हाताळायचं दुसरं एक सॉफ्टवेअर सोबत टाकलं, आणि दर वेळी विचारत बसायला नको म्हणून त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवला. त्या संध्याकाळी तोच मुलगा 'अपडेट टाकायला' न विचारता आत आला होता. चोर नव्हता हे नशीब. पण चोर असता तरी दार तेवढंच उघडं होतं.

"पण सर, ते तर मी कवाच काढून टाकलंय की!"

काढून टाकलं म्हणजे नेमकं काय केलं, असं विचारलं. डेस्कटॉपवरचं चित्र उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. म्हणजे दुकानावरची पाटी तेवढी उतरवली. आत गल्ला, मालक, धंदा सगळं जागच्या जागी. हसण्यासारखं असलं तरी मी हसलो नाही, कारण शिकवताना ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की दोष त्या पोराला द्यावा असं वाटत नाही. आणि खरी गोष्ट अशी की त्यानं ते रीतसर अनइन्स्टॉल केलं असतं, तरीसुद्धा काही नोंदी मागे उरल्याच असत्या.

हे मी त्याला सातबाऱ्यावरून समजावलं. सोसायटीचं कर्ज फेडलं, बेबाकी दाखला घेतला, खिशात घालून घरी आलो. दोन वर्षांनी सातबारा काढला तर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा जसाच्या तसा! कर्ज फिटणं वेगळं आणि बोजा उतरणं वेगळं. बोजा उतरवायला अर्ज द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो, तेव्हा कुठं ती ओळ जाते. संगणकावर एखाद्या प्रोग्रामला 'अलाऊ' किंवा 'येस' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या वहीत अशीच एक ओळ चढते. प्रोग्राम गेला म्हणून ओळ जात नाही. अडचण अशी की सातबारा एकच असतो, संगणकात मात्र अशा वह्या चार-पाच आहेत. त्यातल्या काही तर तुमच्या संगणकात नसतातच, त्या हजारो मैलांवरच्या कुणाच्या तरी सर्व्हरवर असतात.

म्हणून परवानगी काढून घ्यायची म्हणजे आधी एकच प्रश्न विचारायचा: ही परवानगी लिहिलीय कुठं?

यादी आणि तिकीट

जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. या विषयात तो आजही वाचला जातो. त्यात त्यांनी परवानगीचे दोन प्रकार सांगितले: एक यादीचा, दुसरा तिकिटाचा. इतक्या वर्षांत सगळं बदललं, पण ही विभागणी जुनी झाली नाही.

यादीचा प्रकार म्हणजे दारात माणूस बसलाय आणि त्याच्या हातात नावांची यादी आहे. तुम्ही आलात, नाव सांगितलं, यादीत असलं तर आत. कुणाला उद्यापासून येऊ द्यायचं नसेल तर यादीतलं नाव खोडायचं. सोपं आहे, कारण यादी आपल्या हातात आहे.

तिकिटाचा प्रकार एसटीच्या पासासारखा. कंडक्टर नाव विचारत नाही, पास बघतो. पास तुमच्या खिशात असतो, कंडक्टरच्या नाही. तो रद्द करायचा तर दोनच वाटा: पासाची मुदत संपायची वाट बघायची, किंवा 'अमुक नंबरचा पास चालणार नाही' असं सगळ्या कंडक्टरांना कळवायचं. तिकीट द्यायला सोपं, परत घ्यायला अवघड.

विंडोजमधल्या कॅमेऱ्याच्या, मायक्रोफोनच्या परवानग्या यादीच्या प्रकारातल्या. 'गुगलने लॉगिन करा' म्हणून कुठल्यातरी अ‍ॅपला दिलेली परवानगी तिकिटाच्या प्रकारातली. आणि एक तिसरा प्रकार आहे. त्याचा विचार त्या निबंधाच्या काळात घरगुती माणसाला करावा लागत नव्हता. त्यात परवानगीची नोंदच कुठे होत नाही, फक्त परिणाम मागे राहतो. त्याकडे नंतर येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

कॅमेरा, माईक आणि एक फसवं बटण

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त गेलं की खाली 'अ‍ॅप परमिशन्स' दिसतात. लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट्स अशी रांग आहे. मायक्रोफोनवर दाबलं की कुठल्या अ‍ॅपला परवानगी आहे ते दिसतं, आणि गेल्या ७ दिवसांत कुणी वापरला तेही दिसतं. विंडोज १० मध्ये हेच नुसत्या 'प्रायव्हसी'खाली आहे. तालुक्याच्या गावांत अजून विंडोज १० चालवणारी यंत्रं भरपूर आहेत, म्हणून सांगून ठेवतो: त्याचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. सुरक्षेची नवी ठिगळं न घेणाऱ्या यंत्रावर परवानग्यांची झाडलोट करणं म्हणजे पत्रे उडालेल्या घराच्या दाराला नवी कडी लावणं.

आता ते फसवं बटण. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपपुढे स्वतंत्र बटण असतं. एकाला बंद करा, दुसऱ्याला चालू ठेवा. पण आपण बाहेरून डाउनलोड करून किंवा सीडी-पेनड्राइव्हवरून टाकतो ते जुन्या पद्धतीचे प्रोग्राम एकाच बटणाखाली गोळा केलेले असतात: 'लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युवर मायक्रोफोन'. चालू तर सगळ्यांना चालू, बंद तर सगळ्यांना बंद. खाली नावं आणि शेवटचा वापर दिसतो, पण नावापुढे बटण नाही. माणसं तासभर ते बटण शोधतात. ते नाहीच.

का नाही? स्टोअरचं अ‍ॅप वाड्यातल्या भाडेकरूसारखं असतं. त्याला एक खोली दिली, आणि आपल्याला काय काय लागेल हे त्यानं येतानाच लिहून दिलं. जुन्या पद्धतीचा प्रोग्राम भाडेकरू नसतो. तो तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं वावरतो. तुम्हाला जी फाईल उघडता येते ती त्यालाही येते. घरात फिरणारा माणूस तुम्ही की तुमचा अंगरखा घातलेला दुसरा कुणी, हे विंडोजला प्रत्येक वेळी खात्रीनं सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय की काही डेस्कटॉप प्रोग्राम या यादीत न दिसताही, या बटणाला न जुमानताही कॅमेरा-माईकपर्यंत पोचू शकतात. म्हणून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवणाऱ्या माणसाला मी वेडा म्हणत नाही.

मॅकवर हे काम जास्त काटेकोर आहे. २०१८ च्या मोजावेपासून कॅमेरा आणि माईकसाठी, २०१९ च्या कॅटलिनापासून स्क्रीन रेकॉर्डिंगसाठीसुद्धा प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र विचारणा होते आणि स्वतंत्र बंद करता येतं. पण आमच्याकडे मॅक बघायला मिळतो तो लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडेच, तेव्हा पुढे जाऊ.

फायरवॉलची आणि अँटिव्हायरसची वही

एखादा प्रोग्राम पहिल्यांदा बाहेरून येणारं कनेक्शन घ्यायला बसतो तेव्हा विंडोज फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) खिडकी दाखवून विचारतं. आपण घाईत 'अलाऊ' दाबतो. मग 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल' या पानावर त्याचं नाव चढतं; त्याच्यापुढे दोन चौकोन, प्रायव्हेट आणि पब्लिक. प्रायव्हेट म्हणजे घरचं-दुकानचं नेटवर्क, पब्लिक म्हणजे स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय. बऱ्याच जणांचे दोन्ही चौकोन भरलेले असतात. काढायचं तर तिथंच 'चेंज सेटिंग्ज' दाबून टिकमार्क काढा किंवा 'रिमूव्ह' करा.

या वहीची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशी नोंद प्रोग्रामच्या फाईलच्या पत्त्यावर होते: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाईल. प्रोग्राम अनइन्स्टॉल झाला आणि नोंद राहिली, तर उद्या त्याच पत्त्यावर त्याच नावाची दुसरी फाईल येऊन बसली की परवानगी तिला लागू. घर रिकामं झालं, पण दारावरच्या पाटीला अजून रेशन मिळतंय, असा हा प्रकार.

याहून घातक वही अँटिव्हायरसची. मराठी टायपिंगचं किंवा हिशोबाचं फुकटात मिळवलेलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर घेताना सोबत एक सूचना येते: आधी अँटिव्हायरस बंद करा, किंवा हा फोल्डर त्यातून वगळा. माणूस वगळतो. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथून 'मॅनेज सेटिंग्ज', आणि पार तळाशी 'एक्सक्लूजन्स'. त्या फोल्डरमध्ये पुढे काहीही येऊन पडलं तरी पहारेकरी नेहमीच्या तपासणीत तिकडे बघत नाही. मानवतच्या त्या यंत्रावर या यादीत तीन नोंदी होत्या. त्यातल्या एकीचा प्रोग्राम कधीच गेलेला, आणि एका ओळीत तर सबंध डी ड्राइव्ह! कुणी लिहिलं ते त्याला आठवत नव्हतं. आठवणार कसं, दोन वर्षांत त्या खुर्चीवर चार पोरं बसून गेली.

'येस' दाबलं, आणि नोंदच नाही

आता तो तिसरा प्रकार. काही बसवताना स्क्रीन काळवंडते आणि प्रश्न येतो: या अ‍ॅपला तुमच्या यंत्रात बदल करू द्यायचे का? हा पहारा २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आहे. पुष्कळांना वाटतं की हा 'येस' कुठेतरी लिहिलेला असेल आणि तिथे जाऊन तो 'नो' करता येईल. तसं पान नाही. तो 'येस' त्या एका वेळेपुरता असतो. प्रोग्राम बंद झाला की संपला. पुढच्या वेळी पुन्हा विचारणार.

मग काळजी कसली? काळजी ही की तेवढ्या वेळात त्याला वाड्याच्या सगळ्या किल्ल्या मिळालेल्या असतात. तेवढ्यात तो मागच्या भिंतीला स्वतःसाठी नवं दार पाडून घेऊ शकतो. पुढे समोरच्या दारानं यायची गरजच नाही, म्हणून पुन्हा प्रश्नही येत नाही. हे मागचं दार कुठल्या रूपात असतं? सर्व्हिस: संगणक सुरू होताच, कुणी लॉगिन करायच्या आधीच पडद्यामागे चालू होणारा भाग. टास्क शेड्युलरमधलं एखादं काम: रोज अमुक वाजता हे चालव. स्टार्टअपमधली ओळ. एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-कॅमेऱ्यासारख्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम. किंवा विश्वासाच्या यादीत घातलेलं एखादं प्रमाणपत्र, म्हणजे समोरची वेबसाइट खरी आहे अशी ग्वाही देणारा डिजिटल दाखला.

दुरून संगणक हाताळायचं ते सॉफ्टवेअर असंच सर्व्हिस होऊन बसलं होतं. म्हणून चित्र कचऱ्यात गेलं तरी ते रोज सकाळी दुकान उघडल्याबरोबर हजर. अशा सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक गोष्ट असते. कायमचा पासवर्ड एकदा टाकला की समोरच्या यंत्राला ते 'ओळखीचं' म्हणून लक्षात ठेवू शकतं. त्यामुळे हे सॉफ्टवेअर तुम्हाला कामासाठी ठेवायचंच असेल तर त्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन न विचारता आत येण्याची सोय बंद करायची, पासवर्ड बदलायचा आणि ओळखीची यंत्रंही विसरायला लावायची. ठेवायचं नसेल तर आधी हे सगळं, मग अनइन्स्टॉल. क्रम महत्त्वाचा: उद्या कुणी तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं तर जुन्या सेटिंगच्या फाईलवरून जुना पासवर्डही परत उभा राहू शकतो.

प्रमाणपत्राचा मासला तर जगजाहीर आहे. २०१४ च्या शेवटी लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून येत होतं. ब्राउझर आणि बँक यांच्यातलं कुलूपबंद बोलणंसुद्धा मध्ये बसून वाचता यावं म्हणून त्यानं विंडोजच्या विश्वासू मूळ प्रमाणपत्रांत स्वतःचं प्रमाणपत्र घातलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं, लोकांनी घाईनं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, आणि नंतर कळलं की प्रमाणपत्र मागेच राहिलंय. शिवाय त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती आणि ती फुटलीही. ते प्रमाणपत्र काढायला वेगळं साधन द्यावं लागलं. इतर हक्कातल्या बोज्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अशी प्रमाणपत्रं बघायची तर स्टार्टमध्ये 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' लिहून उघडतात. पण ओळख नसताना तिथलं काही पुसू नका. त्यात जी शंभरेक अनोळखी नावं दिसतात त्यातली बहुतेक खरोखरच लागणारी असतात.

ज्यांना इतकं खोल जायचं नाही त्यांनी निदान एवढं बघावं. ज्या प्रोग्रामला कधीतरी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची कायमची खूण केलीय, त्याच्या चित्रावर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी', आणि ती खूण काढायची. कुणीतरी यूट्यूबवर सांगितलं म्हणून केलेली असते, आणि मग प्रत्येक वेळी तो प्रोग्राम वाड्याच्या सगळ्या किल्ल्या मागतो. रोजच्या कामाचं खातं साधं ठेवून प्रशासकाचं खातं वेगळं, वेगळ्या पासवर्डचं करणं हे त्याहून चांगलं. सेवा केंद्रात तर ते असायलाच पाहिजे, खुर्चीवर रोज नवं पोरगं असताना.

तिकिटं परत मागवणं

३ मे २०१७ ला जगभर अनेकांना एक ईमेल आला: ओळखीच्या माणसानं तुमच्यासोबत गुगल डॉक्स शेअर केलंय. दाबलं की गुगलचंच खरं पान उघडायचं आणि विचारायचं की 'गुगल डॉक्स' नावाच्या अ‍ॅपला तुमचे ईमेल आणि संपर्क बघू द्यायचे का. अ‍ॅपचं नाव तेवढं खोटं होतं, बाकी सगळं खरं. हो म्हटलं की तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तोच ईमेल. गुगलनं साधारण तासाभरात ते बंद पाडलं. यात कुणाचा पासवर्ड चोरीला गेलाच नव्हता. लोकांनी आपल्या हातानं तिकीट फाडून दिलं होतं.

तिकिटाचं काम असं चालतं. तुम्ही 'अलाऊ' म्हटलं की गुगल त्या अ‍ॅपला दोन टोकन, म्हणजे दोन डिजिटल तिकिटं, देतं. एक छोट्या मुदतीचं, साधारण तासाभराचं. दुसरं लांब मुदतीचं, जे दाखवून छोटं टोकन पुन्हा पुन्हा नवं करून घेता येतं. अ‍ॅपकडे तुमचा पासवर्ड कधीच नसतो. म्हणून 'पासवर्ड बदलला, झालं' हा समज अर्धवट आहे. गुगलवर पासवर्ड बदलला की ईमेल वाचणाऱ्या अ‍ॅपची टोकनं मोडतात, पण सगळ्याच परवानग्या जातात असं नाही. आणि संगणकातून तो प्रोग्राम काढला तर टोकनाला काहीच होत नाही, कारण त्याची नोंद गुगलकडे आहे आणि टोकन त्या कंपनीच्या सर्व्हरवर.

ते रद्द करायचं ठिकाण म्हणजे गुगल खात्यातल्या 'सिक्युरिटी'खालची बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी. एकेका नावावर दाबा, काय काय दिलंय ते वाचा, नको ते काढा. मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुकच्या खात्यांतही असं पान आहे. माझ्या स्वतःच्या यादीत मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सत्तावीस नावं निघाली. त्यातली निम्मी कसली ते मलाच आठवेना. एक तर कुणाच्या तरी बारशाची पत्रिका बनवायचं होतं, आणि त्याला माझ्या ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली दिसत होत्या. ते बाळ आता तिसरीत आहे.

ब्राउझरचं थोडक्यात: खालच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय' अशा चौकटी येत राहतात, त्या बहुतेक वेळा व्हायरसमुळे नसतात. 'रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' अशा एखाद्या पानाला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स', तिथून ते नाव काढलं की चौकटी बंद. फॉरमॅट मारायची गरज नाही, पाचशे रुपये द्यायचीही नाही. एक्सटेन्शनला (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला) 'सगळ्या साइटवर' ऐवजी 'दाबल्यावरच' अशी परवानगी ठेवता येते, तीही बघून घ्या.

जे गेलं ते गेलं

परवानगी काढली की पुढचं दार बंद होतं. आधी नेलेलं सामान परत येत नाही. अ‍ॅपनं तुमचे संपर्क उतरवून नेले असतील तर ते त्याच्याकडे आहेत. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व दिसतं. कलम ६ म्हणतं की दिलेली संमती कधीही मागे घेता येईल, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. पण मागे घेण्याआधी जे झालं ते बेकायदा ठरत नाही, आणि मागे घेतल्यानं जी गैरसोय होईल ती तुमची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. 'देण्याइतकंच सोपं' हे शब्द मला फार आवडतात, कारण आजच्या घडीला देणं एका बटणाचं आणि काढणं पाच पानांआडचं आहे. म्हणून संमती मागे घेताना नुसती परवानगी काढून थांबायचं नाही, 'माझी माहिती पुसा' असंही त्या कंपनीला स्वतंत्र लिहायचं.

आमच्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं. ठेवायचं तर दोघं बसून पुन्हा ठरवतात, नाही तर माणूस मोकळा. न बोलता करार पुढे सरकत नाही. संगणकाच्या दुनियेला हे उशिरा सुचलं. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपची परवानगी फोन आपोआप काढून घेतो. क्रोमही बरेच दिवस न उघडलेल्या साइटच्या परवानग्या हल्ली स्वतःहून मागे घेतो. विंडोजच्या जुन्या प्रोग्रामांना मात्र असा पाडवा नाही. फायरवॉलमधली २०१६ ची ओळ आज तशीच बसलेली सापडते.

तर त्या रविवारी मी मानवतला गेलो. वायर काढलेलीच होती. आधी त्या दुरून हाताळायच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड आणि ओळखीची यंत्रं पुसली, सर्व्हिस थांबवली, मग रीतसर अनइन्स्टॉल, मग फायरवॉलमधल्या त्याच्या दोन ओळी. अँटिव्हायरसच्या वगळलेल्या यादीतून तिन्ही नोंदी काढल्या आणि सबंध तपासणी लावून समोर भजी खायला गेलो. आल्यावर त्याच्या फोनवरून गुगल आणि बँकेचे पासवर्ड बदलून घेतले. संगणकावरून मुद्दाम नाही.

एक चूक माझी झाली. सर्व्हिसच्या यादीत दोन जुनी नावं दिसली, दोन्ही बंद केली. वायर जोडली तर बोटाचं यंत्र चालेना. आधारच्या पडताळणीसाठी बोट वाचणारं यंत्र ज्या सर्व्हिसमधून ब्राउझरशी बोलतं, ती संगणकातच १११०० ते १११२० यांपैकी एखाद्या पोर्टवर, म्हणजे आतल्या नंबरच्या दारावर, बसलेली असते. मी बंद केलेल्या दोनपैकी एक सर्व्हिस दोन वर्षांपूर्वी मोडलेल्या यंत्राची होती, ती गेली ते बरंच झालं. दुसरी चालू यंत्राची होती. बाहेर पाच-सहा माणसं बाकड्यावर बसलेली, त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "बाबा, माजं बोट तसं बी उमटत नाही, तुम्ही निवांत करा." सर्व्हिस पुन्हा चालू केली. तेव्हापासून मी कुठलीही सर्व्हिस आधी नुसती थांबवतो, आठवडाभर बघतो, आणि मगच काढतो.

टास्क शेड्युलरमध्ये एक ओळ मात्र शेवटपर्यंत उमगली नाही. नाव म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, रोज दुपारी तीनला चालायची, आणि ज्या फाईलकडे बोट दाखवायची ती फाईल जागेवर नव्हतीच. पुसली नाही, 'डिसेबल' करून ठेवली आणि तारीख त्याच्या वहीत लिहिली. चार महिने झाले, दुकान नीट चाललंय, तीन वाजता काही अडत नाही. परवा त्यानं फोनवर विचारलं, "सर, ती ओळ आता पुसू का?" म्हटलं, पूस.